छपरातली काजळी

इंग्लंडातल्या सफोक परगण्यातलं ते शेतावरचं घर पाडायचं जमीनमालकाने ठरवलं होतं. 'दर्शनी वीट बघा, जेमतेम दोनशे वर्षांची,' असं त्याचं म्हणणं. गॅरड मंडळी तिथे चार पिढ्यांची कुळं. आता सगळं थर्लो बाईंच्या हातात होतं. जुन्या इमारती तपासणाऱ्या या बाईंनी घर खरोखर पुरातन ठरवलं, तरच ते वाचणार होतं.

आणि बाई तपासायला आल्या, नेमकं तेव्हाच गॅरडांच्या विल्फ आजोबांनी आपलं ठेवणीतलं पुराण काढलं.

"ही तुळई लढाऊ जहाजाची बरं का. या खाचा बघा, इथे तोफा बसायच्या."

"एवढ्याशा खाचेत? तोफा की चमचे?" थर्लो बाई म्हणाल्या. "गॅरडसाहेब, या भागातली प्रत्येक तुळई म्हणे जहाजाचीच. एवढी जहाजं असती तर समुद्रात पाणी मावलं नसतं."

पंधरा वर्षांच्या हेटीला, आजोबांच्या नातीला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कसलं डोंबलाचं घर वाचतंय. पण बाई खाचांवरून बोट फिरवतच राहिल्या.

"इथे भिंतीचे खांब होते. ती भिंत मागाहून कुणीतरी काढलीय. माळ्यावर कोण चढतं?"

"वटवाघळं," आजोबा फुरंगटून म्हणाले.

तोवर हेटी शिडीवर चढलीसुद्धा. झडप उचलून तिने टॉर्च मारला. ओकचे भलेथोरले वाकडे वासे वर जाऊन एकमेकांना भिडले होते आणि अगदी आढ्यापर्यंत काळेकुळकुळीत, चकाकणारे होते. बोट लावलं तर काजळी बोटाला आली.

"बाई, सगळं काळं आहे. वर आग लागली होती का?"

थर्लो बाई स्कर्ट सावरत वर आल्या. एका वाशावरून त्यांनी तळहात फिरवला.

"आग खाली होती," त्या हळूच म्हणाल्या, "जमिनीच्या मधोमध. तेव्हा चिमणी नव्हती, माळा नव्हता. छपरापर्यंत एकच उघडी खोली. माणसं विस्तवाभोवती बसायची आणि धूर इथे जमायचा. वीट म्हणजे नंतर चढवलेला सदरा. घर पाचशे वर्षांच्या वरचं आहे."

कुणाच्या तरी लापशीचा, कुणाच्या तरी ओल्या लाकडांचा धूर आज हेटीच्या बोटावर होता. तिला ते पुसवेना.

"म्हणजे पाडता येणार नाही?"

"हात तर लावू दे त्या जमीनमालकाला."

शिडी करकरली. दुखऱ्या गुडघ्याला शिव्या घालत आजोबा वर आले, त्यांनी छपराकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"सत्त्याहत्तर वर्षं याच्याखाली झोपतोय, पोरी," ते म्हणाले, "आणि वर बघायचं सुचलं नाही."