धुरा

“साहेब, तुमालेच धुरा मालूम नाही, अन् पोट्टीले फेल कायले करता?”

भंडाऱ्याला शिक्षणाच्या कचेरीत चंद्रभागाबाई साहेबांच्या टेबलावर वाकून बोलत होती आणि मी तिच्या लुगड्याचा पदर धरून उभी होते. साल शहात्तर. चौथीच्या परीक्षेत मी मराठीत दोन गुणांनी नापास झाले होते. शेताच्या कडेला मातीचा उंचवटा असतो, त्याला काय म्हणतात, या प्रश्नाला मी ‘धुरा’ लिहिलं होतं. पुस्तकात ‘बांध’ होतं. नापास झालीस तर पाचवी नाही, सरळ धानाच्या रोवणीला, असं बाबांनी सांगून टाकलं होतं.

साहेब पुण्याकडचे, पण माणूस बरा. “बाई, बांध हा अगदी साधा शब्द आहे.”

“आमच्या सानगडीत बांधी म्हणजे जिच्यात धान रोवते थे. तिच्या काठाले धुरा म्हणते. पोट्टीनं खोटं लिवलं असतं तं फेल करा ना, बाप्पा! खरं लिवलं तं काहून?”

चंद्रभागाबाई माझी कोणी नव्हती. दुसऱ्याच्या शेतात राबणारी, अंगठा उठवणारी बाई. पण शाळा सोडलेली पोरगी दिसली की हिच्या पायाला भिंगरी लागायची. रोवणीत शाळा ओस पडते म्हणून गुरुजींच्या मागे लागून तिने त्या महिन्यात शाळा सकाळी सातला भरवायला लावली होती, आणि घरोघर जाऊन मुलींना उठवायचं कामही स्वतःकडेच घेतलं होतं. लोक तिला पाहून रस्ता बदलायचे. खरं सांगायचं तर मलाही तिची भीतीच वाटायची.

साहेब शेवटी हसले. पेपर मागवतो, दोन गुण देतो म्हणाले. मग विचारलं, “असं लिहिणारी आणखी कोणी आहे का? आत्ताच सांगा. पुन्हा पुन्हा मी नाही बघणार.”

होती. बेबी, चंद्रभागाबाईचीच मुलगी. तिनेही धुराच लिहिलं होतं आणि तीही दोनच गुणांनी गेली होती. मी चंद्रभागाबाईकडे पाहिलं. ती साहेबांकडे पाहत होती.

“नाही जी. येवढी एकच.”

परतताना एसटीत मला राहवेना. “काकू, बेबीचं काहून नाही सांगलं?”

“आपल्या पोट्टीसाठी आली म्हणतीन. मंग उद्या दुसरीसाठी कोन्त्या तोंडानं जाऊ? तू चूप राय, रुखमा. तिले सांगू नोको.”

मी चूप राहिले. तिचा शब्द पाळला असं वर्षानुवर्षं स्वतःला समजावलं, पण ते काही खरं नाही. बोभाटा झाला तर माझेही दोन गुण जातील ही भीती होती; मला पास व्हायचं होतं, एवढंच.

मी पाचवीत गेले, बेबी रोवणीला गेली. पुढे मी सानगडीच्याच शाळेत शिक्षिका झाले. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात चंद्रभागाबाई गेली आणि आम्ही शाळेत शोकसभा ठेवली. तिला पाहून रस्ता बदलणारे सगळे भाषणाला उभे राहिले. बेबी बांधीतून तशीच आली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल, म्हणून दाराबाहेरच बसली. मला खुर्चीत बसवेना. शेवटी उठले, तिला हापशीकडे नेलं आणि बारा वर्षांचं सगळं एका दमात सांगून टाकलं.

मला वाटलं, आता आईला शिव्या देईल. मला तर नक्कीच देईल.

“मंग मी फेल नोहोती?”

“नाही.”

“मले वाटे, माय साऱ्या गावाच्या पोट्ट्याईसाठी भांडते, अन् माह्यासाठी नाही भांडली. म्हणजे माहं डोस्कंच नसन.”

आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. फोटोला हार घालायला मुलीनं यावं.

“पाय तं धुऊ दे मले,” बेबी म्हणाली.

मी हापशी मारू लागले. चिखल केव्हाच निघून गेला, तरी ती पाय धूत राहिली आणि मी हापशी मारत राहिले. आतून पुन्हा पुकारा झाला.