गळा फाटकाबाहेर होता

इसवी सन दोन हजार पंचवीस, नोव्हेंबरची एकोणीस तारीख, बुधवार, सकाळी अकराला दहा मिनिटे कमी. ठिकाण हैदराबाद, बरकतपुरा, शांतिविहार वसाहतीचे मुख्य फाटक. त्या वेळी त्या जागी जे घडले ते फाटकावरच्या कॅमेऱ्याने पाहिले आणि नंतर बाळकृष्णपंत हळीखेडकरांनी पाहिले. तिसऱ्या कोणाच्या दृष्टीस ते पडू नये, अशी व्यवस्था पंतांनीच केली.

पंत वसाहतीचे चिटणीस होते. आजोबा निजामाच्या दफ्तरात, वडील वकील आणि स्वतः दिवाणी न्यायालयात छत्तीस वर्षे. वाक्यात एखादा शब्द सैल पडला तरी त्यांना तो दातात अडकलेल्या काडीसारखा सलत असे. पंत खोटे बोलत नाहीत, ही ख्याती नल्लकुंट्यापर्यंत पोहोचली होती. फाटकापाशी त्यांनी एक हिरवी पाटी ठोकली होती: ‘गुन्ह्याविना दिवस’. खाली खिळ्यांवर पत्र्याचे आकडे. रोज सकाळी सात वाजता पंत स्वतः ते बदलीत. आसपासच्या गल्ल्यांत साखळ्या तुटत, गाड्या नाहीशा होत. इथला आकडा मात्र चढत राही. त्या बुधवारी तो नऊशे एकोणनव्वद होता. हजाराव्या दिवशी पोलिसांचे एक मोठे अधिकारी येऊन वसाहतीला मानपत्र देणार होते.

भामा पंतांच्या घरी एकोणीस वर्षे स्वयंपाक करीत होती. नवऱ्यामागे ती आणि तिची मुलगी रेणू थोरल्या दिरांच्या, अप्पारावांच्या, घरात एका खोलीत राहत. त्या घराण्याची एक बोरमाळ होती. नवी सून आली की घरातल्या बायकांनी ती तिच्या गळ्यात घालायची आणि पुढची सून येईतो तिने ती सांभाळायची, असा त्यांचा रिवाज. अप्पारावांच्या मुलाचे, संदेशचे, लग्न ठरले, म्हणून भामाने माळ हिमायतनगरच्या पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून आणली आणि पिशवीपेक्षा गळ्यात बरी, म्हणून गळ्यात घालूनच कामाला निघाली. फाटकाशी स्कूटरवरच्या दोघांनी तिला गाठले. भामाने माळ दोन्ही हातांनी धरून ठेवली. गाठवण इतकी पक्की होती की दोरा तुटेना, आणि दोरा तुटेना म्हणून भामा आठ-दहा हात फरपटत गेली. शेवटी माळ डोक्यावरून निघाली. जाताना उजव्या कानाची पाळी फाडून गेली.

लीलाबाईंनी, पंतांच्या पत्नीने, तिला पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी भामा पंतांपुढे उभी राहिली.

“साहेब, पोलीस नक्को, काही नक्को. भावजींना एकदा तेवढं चित्र दाखवा.”

“का?”

“ते म्हणतात, माळ मी विकली. रेणूला कालेजात घातलं ते कशावर, म्हणून विचारतात. कान दाखवला तर म्हणाले, पडली असशील. तीस तारखेपर्यंत साक्ष आण, नाहीतर खोली रिकामी कर, म्हणाले.”

“समितीपुढे ठेवतो,” पंत म्हणाले.

कॅमेऱ्यातले चित्र दहा दिवस राही आणि मग आपोआप पुसले जाई. संकेतशब्द एकट्या पंतांपाशी होता.

समिती शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, बसली. भामाला दाराशी उभे केले होते.

“हिसका बसला तेव्हा तुझा उजवा पाय कुठे होता?” पंतांनी विचारले.

“फाटकाच्या रुळावर की काय. चप्पल आत पडली होती.”

“चप्पल आत. आणि तू?”

“मी बाहेरच की साहेब. ओढत नेली ना मला.”

पंतांनी सभासदांकडे पाहिले. “ठराव क्रमांक चार. वसाहतीची हद्द रुळाच्या आतल्या कडेपर्यंत. चोरी चपलेची झालेली नाही. दागिना गळ्यात होता आणि गळा फाटकाबाहेर होता.”

“अंकल, पॉइंट बरोबर आहे,” विक्रम म्हणाला. संगणकाच्या नोकरीतला हा तरुण समितीचा अध्यक्ष होता. “पण फुटेज एकाला दाखवलं की संध्याकाळपर्यंत शंभर मोबाइलवर. मग हजारचा फंक्शन कॅन्सलच समजा.”

चित्र कोणालाही दाखवू नये, असे एकमताने ठरले. भामाला कोणी बसायला सांगितले नव्हते, त्यामुळे तिला उठून जाण्याचेही श्रम पडले नाहीत.

घरी लीलाबाईंनी पानावर भात वाढता वाढता विचारले, “एवढी ती हद्द फूटपट्टी घेऊन मोजलीत, तर कानही मोजायचा होता. आत किती, बाहेर किती.”

“ठराव भावनेवर चालत नाहीत.”

“तुमचं जेवण तिच्या हातावर चालतं.”

पंतांनी भात कालवला. शनिवारी, एकोणतीस तारखेला, सकाळी साडेदहाला त्यांनी ते चित्र शेवटचे उघडले. बाई दोन्ही हातांनी गळा धरून फरपटत होती. तोंड उघडे होते, आवाज नव्हता. त्याची प्रत काढायला एक कळ पुरली असती. पंतांनी हात मांडीवर ठेवले. अकरा वाजता पडद्यावर बुधवारची ती सकाळ उरली नव्हती.

रविवारी पाटीवर एकावर तीन शून्ये लागली. फाटकाला झेंडूची तोरणे होती, खुर्च्या मांडल्या होत्या, पाहुणे वळणावर आल्याचा निरोप होता. तेवढ्यात अप्पाराव भामाला घेऊन आले. त्यांनी पंतांना वाकून नमस्कार केला.

“पंत, तुम्ही कोर्टातले. तुम्ही म्हणाल ते मी मानतो. या फाटकाशी हिची माळ चोरीला गेली का?”

पंतांच्या डोळ्यांपुढून ते उघडे तोंड गेले. मग पोलिसांची गाडी आत वळताना दिसली. हो म्हणावे तर पाटी खोटी; पाटी खोटी तर हजार सकाळी खोट्या.

“वसाहतीच्या दप्तरात तशी नोंद नाही,” ते म्हणाले. “हजार दिवस इथे गुन्हा घडलेला नाही. पाटी वाचा.”

“म्हणजे झाली नाही.”

“जे नोंदलेले आहे ते मी सांगितले.”

लीलाबाई ओवाळणीचे तबक घेऊन उभ्या होत्या. त्या काही बोलणार तोच विक्रमने त्यांना पुढे बोलावले आणि त्या पुढे गेल्या. भामाने पंतांकडे पाहिले. रडण्याची तिला सवय होती. त्या वेळी तिला ते जमले नाही.

अप्पारावांनी पाटी शांतपणे वाचली, आकड्यासकट. मग ते भावजयीकडे वळले.

“माळ तू विकलीस,” ते म्हणाले. “आज खोली सोड.”