सुनीत, मागे फिर

नाव हा साहित्याचा आरंभ आहे. ज्याला नाव नाही, ते अजून जगात आलेलंच नाही. रामदास गमरे सरांनी हे जाहीर केलं, तेव्हा ज्याच्याबद्दल ते चाललं होतं ते मांजर त्यांच्या चपलेवर बसून बोंबलाचं डोकं खात होतं. आपण जगात आल्याची त्याला खात्री असावी.

मांजर आणलं सरांच्या पत्नी कौसल्याबाईंनी, परळच्या मासळीबाजारामागून. पांढरंशुभ्र, मुठीएवढं. नाव ठेवायचं काम मात्र त्यांच्याकडे आलं नाही. घरात मराठीचे निवृत्त प्राध्यापक आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापिका विल्मा परेरा, अशी पाचव्या मजल्याची रचना होती. नाव साहित्यातलंच हवं, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं. सरांनी 'शार्दूलविक्रीडित' सुचवलं. वृत्ताचं नाव, आणि वर वाघाची क्रीडा. विल्मा म्हणाल्या, सर, तुमची हाक पुरी होईस्तोवर मांजर शीवला पोचेल. त्यांना 'सॉनेट' हवं होतं. सर म्हणाले, त्याला आमच्यात सुनीत म्हणतात.

मांजर वाढत राहिलं आणि वादही. शेवटी तह झाला तो 'सुनीत'वर. सोसायटीच्या सेक्रेटरीचं नावही सुनीत आहे, असं कौसल्याबाईंनी सांगून पाहिलं. सर म्हणाले, अगं, अर्थ संदर्भाने ठरतो.

संदर्भ रविवारी आला. बिल्डिंगला रंग काढायचा म्हणून बांबूची परांची बांधली होती, वरून हिरवी जाळी. स्वयंपाकघराचं ग्रिलही उतरवलेलं. एका कबुतरामागे मांजर खिडकीतून बाहेर पडलं आणि एका बाहेर निघालेल्या बांबूच्या टोकाशी जाऊन थिजलं. तोंड पलीकडे, पाठ घराकडे. खाली पाच मजले आणि मग फरशी. कौसल्याबाई खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकल्या. हात अर्ध्या अंतरातच संपला.

सर मागून म्हणाले, "सुनीत, मागे फिर."

विल्मा त्यांच्या खिडकीतून म्हणाल्या, "सुनीत, हलू नको हां, बाळा."

सरांनी त्यांना परस्परविरोधी आज्ञा न देण्याची विनंती केली. विल्मा म्हणाल्या, मग तुम्ही जरा प्रेमाने बोला, तोंडी परीक्षा नाही घेत आहात. मग दोघंही आवाज चढवून बोलावू लागले. मांजराने कानही हलवला नाही. सरांना तो उच्चाराचा दोष वाटला. त्यांनी 'नी' आणखी दीर्घ करून पाहिला.

खाली गर्दी जमली. जाळीमुळे मांजर कुणाला दिसत नव्हतं, हाका मात्र ऐकू येत होत्या. सेक्रेटरी एसीची दुरुस्ती स्वतः बाहेर लटकून करतो, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. त्याची आई, राधाबाई, दुसऱ्या मजल्यावरून जिन्याने धापा टाकत वर आल्या. "माझा पोरगा खंय हा?" एवढंच विचारू शकल्या. कौसल्याबाईंनी मांजराकडे बोट दाखवलं. राधाबाईंनी बांबूकडे पाहिलं आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात खुद्द सुनीत हातात कोथिंबीर घेऊन फाटकातून आत आला आणि मला कोण बोलावतंय म्हणून खालून ओरडला.

"तुम्हाला नाही," सर म्हणाले.

मांजराचा मागचा पाय घसरला. अर्धं अंग लोंबकळलं, नखं बांबूवर खरखरली, कसंबसं परत वर आलं.

"गप बसा सगळे," कौसल्याबाई म्हणाल्या. संसारात पहिल्यांदाच सर बसले. "राधाबाई, मला धरा."

राधाबाईंनी त्यांच्या कमरेला मिठी घातली. कौसल्याबाईंनी हात लांबवून बांबूवर लाटणं ठोकलं. बांबू थरथरला. मांजर अंग चोरून थांबलं, मग इंच इंच वळलं. कौसल्याबाई दिसल्या. ते एकेक पाऊल टाकत आलं, आणि मानेची कातडी मुठीत येताच दोघी बायका मांजरासकट स्वयंपाकघरात आडव्या झाल्या.

सर म्हणाले, शेवटी नाव ओळखलंच. विल्मा म्हणाल्या, माझ्या हाकेला. पंज्यात बांबूचं कुसळ गेलं होतं म्हणून टॅक्सीने दवाखान्यात नेलं, तेव्हाही हाच वाद चालू होता.

डॉक्टरांनी कुसळ काढलं. मग मांजराच्या पाठीमागे दोनदा टाळी वाजवली, एकदा स्टीलचा ट्रे आपटला. सर दचकले. मांजर पंजा चाटत राहिलं.

ते जन्मापासून बहिरं होतं.