मेल्यानंतर आलेलं बिल

मी एक जुनं सिमकार्ड आहे. बोटाच्या नखाएवढं. मित्रांनो, माझ्यासारखी दोन-चार तुम्हीही फेकली असतील. त्याचा मला राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे, ती सांगतो.

प्लास्टिकच्या तुकड्यावर सोनेरी चकती बसवून कारखान्यात मला बनवलं. अकरा वर्षांपूर्वी हैदराबादेत विकासने मला त्याच्या आईसाठी घेतलं. तिचं नाव मालनबाई. बिदरकडची शेती सोडून आलेलं हे घर राहायला चिक्कडपल्लीत, आणि सुलतान बाजारच्या एका गल्लीत मालनबाईचं ब्लाऊज शिवायचं दुकान. आईला रिचार्ज जमायचं नाही म्हणून विकासने दर महिन्याला बिल येणारा प्लॅन घेतला होता.

माझ्यासोबत एक नंबर आला. मालनबाईने तो कापडी पट्टीवर छापून घेतला आणि शिवलेल्या प्रत्येक ब्लाऊजच्या आत ती पट्टी टाचली. लग्नसराई आली की बरकतपुऱ्यातल्या बायका ब्लाऊज उलटा करायच्या, नंबर बघायच्या आणि फोन लावायच्या. "मालनबाईंचा फोन कसा पहिल्या रिंगला लागतो," म्हणायच्या. कौतुक तिचं असायचं, त्यातलं थोडं मी माझ्याकडे ठेवून घ्यायचो.

मग दुकानासमोर चार मजली इमारत उठली आणि रेंज गेली. गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकायला मालनबाईला सुई हातात घेऊन रस्त्यावर यावं लागे. वर्षभर तिने सोसलं. शेवटी नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. नऊ जुलैच्या सकाळी नंबर नव्या सिमवर गेला आणि मी मेलो.

मालनबाईची एक सवय आहे. काम पुरं झालं की त्या कापडाचा तुकडा ती मापाच्या वहीत टाचते आणि बाजूला तारीख लिहिते. उद्या कोणी भांडायला आलं तर हाताशी असावं म्हणून. तिने माझ्यासाठी चिंधीची चिमुकली खोळ शिवली, मला आत घालून तोंड टाक्याने बंद केलं आणि वहीच्या पानाला टाचलं. बाजूला लिहिलं: "जुनं सिम. बंद. ९ जुलै, सकाळ."

सप्टेंबरात जुन्या कंपनीचं शेवटचं बिल आलं. पंधराशे चौदा रुपये. जुलै पूर्ण, ऑगस्ट पूर्ण, वर उशिराचा दंड. मी खोळीत मरून पडलेलो आणि माझं भाडं चालूच! खाली लिहिलं होतं, सात दिवसांत पैसे भरा, नाहीतर नव्या कंपनीला सांगून नंबर बंद करवू. नंबर बंद म्हणजे अकरा वर्षांच्या ब्लाऊजांमधल्या सगळ्या पट्ट्या मुक्या.

विकास म्हणाला, "भरून टाकतो आई. कशाला परेशान होतीस?"

"तीन ब्लाऊजांची शिलाई आहे ती. तुझ्या बापाने तरी कधी असे पैसे फुकट वाटले होते का कुणाला? आठ दिवस वापरला, आठ दिवसांचे देते."

तिने कंपनीला फोन लावला. रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, हा नंबर आमच्या ग्राहकाचा नाही, तक्रार आमच्या नंबरवरून करा. त्याच दुपारी वसुलीवाल्याचा फोन आला. "अम्मा, आप हमारे कस्टमर हैं, पैसे भरो."

"पैले तुमारी बाईसे पूछके आओ," मालनबाई म्हणाली. "उनो मेरेकू पैचानतीच नईं."

पैसे द्यायला ग्राहक, तक्रार करायला परकी. ही चूक आहे असं तुम्हाला कोणी सांगेल. मित्रांनो, चूक असती तर एखाद्या वेळी तरी कंपनीच्या तोट्याची झाली असती. अकरा वर्षांत तशी एकदाही झाली नाही.

सहाव्या दिवशी मालनबाई वही काखेत मारून कंपनीच्या दुकानात गेली. मागे विकास, मान खाली घालून. काउंटरवर गौतम नावाचा माणूस होता.

"अम्मा, कंप्लेंट फोनपेइच होती. पुराने सिमसे लगाओ."

मालनबाईने दाताने टाका तोडला आणि मला काउंटरवर ठेवलं. "ये लो. तुमारे फोनमें डालो, लगाओ."

रांगेतले लोक हसले. गौतमही हसला. मालनबाई हलली नाही. रांग दारापर्यंत गेली, तेव्हा त्याने मला आपल्या फोनात सरकवलं. सगळे पडद्याकडे बघू लागले. मी काहीच केलं नाही, आणि तेच माझं सगळ्यात मोठं काम ठरलं. रेंजची एक काडी उमटली नाही.

"मर गया क्या?"

"हौ अम्मा, मर गया."

"कबसे?"

त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. आवाज खाली आला. "नौ जुलैसे."

"लिखके देओ. ठप्पा मारो."

त्याने लिहून दिलं. तक्रारीचा नंबर दिला. निकाल लागेपर्यंत फोन बंद करायचा नाही, हेही तिने त्याच कागदावर लिहून घेतलं. चार दिवसांनी नवं बिल आलं, एकशे ब्याऐंशी रुपयांचं. मालनबाईने त्याच काउंटरवर मोजून दिले. पट्ट्यांवरचा नंबर आजही पहिल्या रिंगला लागतो.

ठप्पा मारून घेतला त्या दिवशी घरी परतताना विकास म्हणाला, "आई, मागल्या वर्षी मीही कंपनी बदलली होती. असंच बिल आलं होतं, अठराशेचं. भरून टाकलं मी."

"आणि सिम?"

"कचऱ्यात."

घरी आल्यावर मालनबाईने मला पुन्हा खोळीत शिवलं.

मित्रांनो, माझ्यावर माया करा असं मी म्हणत नाही. मी प्लास्टिक आहे. पण कंपनी बदलाल त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा, आणि शेवटचं बिल मिटेपर्यंत जुनं सिम फेकू नका. रांगेत भांडायची तुम्हाला लाज वाटते, आणि त्या लाजेवर कुणीतरी पैसे कमावतं. विकासचं सिम माझ्याच कंपनीचं होतं. आपण कोणत्या दिवशी मेलो, हे त्या सिमलाही सांगता आलं असतं. त्याला कुणी विचारलं नाही.