पोच्याखालचे तेल

मी एक जुनी पितळी वाटी आहे. बंगळुरूच्या बसवनगुडीत, प्रमोदिनीबाईंच्या स्वयंपाकघरात, सगळ्यात वरच्या फळीवर पापडाच्या डब्यामागे मी असते. चिंच लावून मला कोणी घासत नाही. पूर्वी याचा मला फार राग यायचा. आता वर्षातून एकच दिवस मला खाली उतरवतात, आणि तेवढे पुरे आहे असे वाटते.

मित्रांनो, मालिश म्हणजे काय? तेल लावून अंग चोळणे, असे तुमच्या शब्दकोशात असेल. न्हाव्याच्या दुकानात डोक्यावर चार थापट्या मारल्या की झाली मालिश. आमच्या घरात मात्र हा शब्द निघाला की सगळे एकच समजत. बाळ आले! आता चाळीस दिवस जमनाबाई येणार.

जमनाबाई मागच्या गल्लीत राहायची. बोलायला फटकळ, पण हात लोण्यासारखे मऊ. गल्लीतली निम्मी मुले तिच्या पसरलेल्या पायांवर न्हाऊन मोठी झाली होती. आमच्या घरची चंदनाही त्यातलीच. दीड वर्षाची असताना तिने मला न्हाणीत आपटले, तेव्हापासून माझ्या पोटात मध्यावर एक पोचा आहे. जमनाबाईने त्याचेही माप करून टाकले. मला काठापर्यंत कोमट तेलाने भरायचे. पोच्यापर्यंत उतरेतो आईचे, खालचे बाळाचे. या मापाचा मला मोठा अभिमान होता.

१९९४ च्या श्रावणात चंदना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. पाचव्या दिवसापासून मालिश सुरू झाली. ती मुलगी आधी भोकाड पसरायची, मग एकदम गप्प होऊन जांभई द्यायची. उजवी मूठ मात्र काही केल्या उघडायची नाही. जमनाबाई एकेक बोट सोडवून आत तेल लावायची आणि म्हणायची, "काय लपवलंयस गं एवढं, चंदनाच्या लेकी?"

असे पाचच दिवस झाले. दहाव्या दिवशी सकाळी मी भरून तयार होते, तेवढ्यात बाळाला ताप आहे म्हणून सगळे धावतपळत दवाखान्यात गेले. परत आले तेव्हा चंदनाचे हात रिकामे होते. माझ्यातले तेल तसेच राहिले. त्यात मुंग्या पडल्या.

प्रमोदिनीबाईंनी टोपडी, झबली, दुपटी ट्रंकेत घातली आणि मला फळीवर ढकलले. लेकीच्या नजरेला काही पडू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. चंदना भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ती रडली नाही. तिच्या उशाशी ताट ठेवून सगळे पाय न वाजवता निघून जायचे. काय बोलावे हे कोणालाच सुचत नव्हते, म्हणून जवळही कोणी बसत नव्हते.

चौथ्या दिवशी मागच्या दाराशी जमनाबाई उभी राहिली.

"जमनाक्का, आता मालिश कशाला?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "बाळच नाही."

"बाळ गेलं, सरी, खरंय ते. बाळंतीण आहे की घरात."

"ती कुणाला हात लावू देत नाही हो."

"तुम्ही लावून बघितला काय?"

प्रमोदिनीबाई स्टुलावर चढल्या. त्यांनी मला खाली काढले.

जमनाबाईने सवयीने मला काठापर्यंत भरले. पाठ झाली, खांदे झाले, पोटऱ्या झाल्या. चंदना लाकडासारखी ताठ बसून होती. तेल पोच्यापाशी आले आणि जमनाबाईचा हात थांबला. एकीचा वाटा संपला होता. दुसरीचा तसाच उरला होता.

चंदनाने माझ्यात वाकून पाहिले. "अक्का, हे तिचं राहिलं," ती म्हणाली.

प्रमोदिनीबाई मला उचलायला धावल्या. जमनाबाईने त्यांचा हात बाजूला केला आणि आपले पाय पसरले. "ये. स्वल्प जवळ ये. तिचंही तुलाच लावते."

तिने चंदनाचे डोके पायांवर घेतले. कपाळ, भुवया, कानाच्या पाळ्या, सगळे तान्ह्या बाळाला लावतात तसे लावले. चंदनाची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. जमनाबाईने तिचे एकेक बोट सोडवले. तळहात उघडला आणि चंदनाने असा हंबरडा फोडला की शेजारची कावेरी कुंपणापाशी धावत आली. प्रमोदिनीबाई लेकीचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसल्या. त्याही रडत होत्या.

चाळीस दिवस पुरे होईपर्यंत जमनाबाई येत राहिली. एकदाही तिने मला अर्धी भरली नाही.

आता जमनाबाई नाही. तिला जाऊनही वर्ष झाले. मित्रांनो, कोणाच्या घरी असे दुःख आले तर हवे तर वस्तू लपवा, पण दुःखी माणसाला एकटे टाकून पाय न वाजवता निघून जाऊ नका. सुचले नाही तर बोलू नका, नुसता हात हातात घ्या.

दर श्रावणात एक दिवस चंदना माहेरी येते, स्टुलावर चढून मला उतरवते आणि काठापर्यंत भरते. वरचे तेल आईच्या गुडघ्यांना लावते. पोच्यापाशी थांबते. मग खालचे तेल आपल्या उजव्या तळहातावर घेते आणि हळूच मूठ मिटते.