घमेल्यातला पाऊस

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात एका टिटवीने लाटंबार्शाच्या माझ्या घराच्या स्लॅबवर चार अंडी घातली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा महत्त्वाचा माणूस झालो. 'महत्त्वाचा' हा शब्द जरा जास्त होतोय. महत्त्वाची टिटवीच होती. मी फक्त तिच्या खाली राहत होतो.

मुळगावच्या बाजूच्या एका खाणीवर मी सत्तावीस वर्षं हजेरी लिहिण्याचं काम केलं. निवृत्त झाल्यावर जे काही हातात आलं त्यातून कौलारू घराला लागून एक स्लॅबची खोली बांधली. ती पुस्तकांसाठी. पूर्वी पुस्तकं कौलांखालच्या माळ्यावर असत. तिथे उंदीर आले, उंदरांच्या मागे धामण आली. एकदा ती दोन शब्दकोशांच्या मधोमध वेटोळं घालून बसलेली सापडली. माझी बायको लक्ष्मी म्हणाली, "तिणें तरी शब्दकोश उगडलो!"

तिच्या मते स्लॅब हा पैशाचा नाश होता, आणि पहिल्याच पावसाळ्यात तो पंख्याच्या हुकातून ठिबकायला लागल्यावर ते मलाही पटलं. तीनशेच्या वर पुस्तकं मी आणि लक्ष्मीने त्या पावसात दर दोन दिवसांनी या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवली. काहींची पानं तरीही फुगून करवंटीसारखी झाली. स्लॅबवर कोबा घालून पाण्याला उतार काढून द्यायला हवा, असं चंदगडकडचा मारुती गवंडी म्हणाला. तो आठ मेनंतर मोकळा होणार होता आणि पेरणीसाठी पंचवीसला गावी परतणार होता. म्हणजे मधल्या सतरा दिवसांत कोबा झाला तर पुस्तकं वाचणार, नाही तर नाही.

त्या मे महिन्याला स्वतःचं मन नव्हतं. सकाळी धुकं, दुपारी कातडं सोलणारं ऊन, संध्याकाळी डोंगराकडून काळेकुट्ट ढग. ते गडगडत येत आणि एक थेंबही न टाकता निघून जात. एकदा वीस मिनिटं गारा पडल्या आणि पुन्हा ऊन. जनावरंही बिथरली होती. गवे काजूची बोंडं खायला कुंपणापर्यंत उतरत. वानर न पिकलेले फणस फोडून टाकून देत. त्या गडबडीत टिटवीने शेत सोडून माझा स्लॅब का निवडला, हे सांगणं कठीण. माझ्या मते वर बांधकामाची खडी सांडली होती आणि या पक्ष्याला खडी आवडते. असं एका पुस्तकात आहे.

गावाचं मत वेगळं होतं. टिटवी जितक्या उंचावर अंडी घालते तितका पाऊस मोठा, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. शेताच्या खळग्यात घातली तर बेताचा, बांधावर घातली तर पूर. आणि जितक्या अंड्यांची टोकं खाली, तितके महिने धो धो. स्लॅबचा अनुभव कोणालाच नव्हता, पण तो पुराच्याही वरचा असणार यावर एकमत झालं. त्या वर्षी कोंकणी की मराठी यावरून माणसं एकमेकांच्या दारातून चालेनाशी झाली होती. टिटवीबद्दल मात्र दोन्ही पक्ष एक होते.

पंचायतीतला गुरुदास मुद्दाम आला. मला शिडीवर चढायला लावून तो खाली उभा राहिला.

"महादेवबाब, अंडीं कितलीं?"

"चार."

"टोकां खंय?"

"आतल्या बाजूला. खाली झुकलेली."

"चारूय?"

"चारूय."

त्याने वर बघून हात जोडले. "चार म्हयने धो धो. तीस तारखेक गोंयाक राज्य मेळटलें म्हणटात. तोंवर आमी उरूंक जाय मरे!"

"गुरुदास, मला वाटतं ती खडीमुळे..." मी शिडीवरून म्हणालो.

"हय हय," तो म्हणाला. आजारी माणसाचं ऐकतात तसं त्याने माझं ऐकलं आणि निघता निघता बजावलं, "वयर कोणाक सोडूं नाकात. सुकणें उडलें जाल्यार गांवाचें वायट." सुकणें म्हणजे आमच्याकडे पक्षी.

दुसऱ्या दिवसापासून वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, घरोघरी शिड्या लागल्या. पावसापूर्वी कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा रचायची, याला आमच्याकडे घर परतणं म्हणतात. एरवी ते मे महिन्याच्या शेवटी रडत-रखडत होतं. या वर्षी पहिल्याच आठवड्यात सुरू झालं. लाकडं आत गेली, भात उकडून झालं. रस्त्यात लोक मला थांबवून "आज कशी आसा?" असं विचारत. ते लक्ष्मीबद्दल विचारत नव्हते.

आठ तारखेला मारुती घमेली आणि थापी घेऊन आला, वर चढला आणि लगेच खाली आला. त्याची टोपी वरच राहिली होती.

"काका, तुमच्या छपरावर पोलीस बसलाय!"

मी त्याला सगळं सांगितलं. घरट्यापुरती जागा सोडून बाकीच्या स्लॅबवर कोबा घालता येईल का, असंही विचारलं.

"अर्धा कोबा म्हंजे सांधा आला. सांध्यातनं पाणी दुप्पट येतंय. शिवाय ओल्या कोब्यावर आठ दिस पाणी भरून ठेवाय लागतंय. ती बाई काय पोहणार हाय?" तो विडी शिलगावून म्हणाला. "गावाला इचारा. नाय तर पुस्तकं इका."

गावाला विचारण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. पुस्तकातच बघितलं. एका जुन्या पुस्तकात होतं, की जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याचं घरटं रोज थोडं थोडं सरकवलं तर तो ते सोडून जात नाही. ते टिटवीबद्दल होतं का, नक्की कळेना. तरी मी मारुतीकडून एक घमेलं मागून घेतलं. भर दुपारी, वाडा झोपलेला असताना, डोक्यावर छत्री धरून वर गेलो. टिटवीने छत्रीला चार टोचे मारले. घमेल्यात खडी पसरून अंडी होती तशी, टोकं आत करून ठेवली आणि शिडीखाली येऊन बसलो. पंधरा मिनिटांनी ती घमेल्यात जाऊन बसली.

मग रोज दुपारी घमेलं दोन हात काठाकडे. लक्ष्मीला दुसऱ्याच दिवशी कळलं. ती विहिरीजवळ एक पसरट पातेलं पाण्याने भरून ठेवायला लागली. टिटवी उन्हात तिथे यायची, पोटाची पिसं भिजवायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर जाऊन बसायची. "म्हज्यापरस बुद्धवंत," लक्ष्मी म्हणाली. सहाव्या दिवशी मी घमेलं स्लॅबवरून उतरवून दारावरच्या छज्ज्यावर ठेवलं. म्हणजे चार फूट खाली. ती तासभर ओरडत घिरट्या घालत राहिली आणि शेवटी छज्ज्यावर बसली. कोबा नीट धरावा म्हणून मारुतीने लगेच स्लॅबला टाचे मारायला सुरुवात केली. दोन-तीन दिवसांत तो कोबा घालणार होता. त्या रात्री मी फार वर्षांनी स्वतःवर खूश होऊन झोपलो.

सकाळी नऊ वाजता, टिटवी खाली उतरलेली बघून, रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं, "टिटवी देंवली!"

घमेलं खालून दिसत नव्हतं, पक्षी तेवढा दिसत होता. गुरुदास आला, त्याने नजरेनेच अंतर मोजलं. "चार फूट देंवल्या. पावस उणो जालो." त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. दुपारपर्यंत वाड्यावरच्या निम्म्या शिड्या निघाल्या.

मी सांगणार होतो. त्याच संध्याकाळी सांगणार होतो. गुरुदासच्या दारापर्यंत गेलोही, पण त्याच्याकडे पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे नव्हते, पण तो जेवत होता. अंड्यांना हात लावला हे सांगायचं म्हणजे वर चढलो हेही सांगायचं, आणि ते पुस्तकांसाठी केलं हेही. आमच्याकडे यातलं शेवटचं सगळ्यात वाईट समजलं असतं.

माझ्या शेजारी गंगावैनी एकटी राहते. तिचा नवरा बाबाजी जाऊन दहा वर्षं झाली. तिने अर्धं घर परतून घेतलं होतं. उरलेल्या अर्ध्यावरची कौलं सुटी करून तिथेच वर सैल रचून ठेवली होती, आणि टिटवी उतरल्यावर तिने माणसं परत पाठवली.

"अर्धें फुडल्या वर्सा," ती कुंपणापलीकडून म्हणाली. "उण्या पावसाक अर्धें पुरो."

सतरा तारखेला संध्याकाळी ढग आले, आणि या वेळी वारा घेऊन आले. पाऊस दहाच मिनिटं पडला. पण त्या सैल कौलांतली पाच-सहा वाऱ्याने उचलली आणि एक स्वयंपाकघरात चुलीजवळ पडून फुटलं. गंगावैनी तिथून नुकतीच उठली होती.

सकाळी मी तिच्याकडे गेलो. ती तुकडे गोळा करत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: घमेलं, छत्री, दोन-दोन हात, छज्जा. मध्ये एकदा ते पुस्तकही बोलण्यात आणलं, ज्याची गरज नव्हती.

तिने हातातले तुकडे खाली ठेवले. "म्हणजे ती देंवूंक ना? तुमी देंवयली?"

"मी देंवयली. म्हणून तू घर परतून घे, वैनी. पाऊस किती ते कोणालाच माहीत नाही. मी सगळ्यांना सांगतो."

"तुमी?" ती हसायला लागली. राग येईल म्हणून मी तयार होतो, हसण्याला तयार नव्हतो. "तुमचें कोण आयकतलो? तुमी सांगलें तर म्हणटले, म्हादेवबाबाक वाचून वाचून कितें तरी जालां. तिका परत वयर दवरा. तिचें सगळे आयकतात."

"पण परत वर ठेवली तर माझा कोबा..."

"तेंय खरें," ती म्हणाली, आणि पुन्हा तुकडे वेचायला लागली. तिने पुन्हा तसं सुचवलं नाही की आग्रह केला नाही. तिने आग्रह केला असता तर कदाचित मी नाही म्हणू शकलो असतो.

घरी आलो. मारुतीने टाचे मारून संपवले होते. स्लॅब झाडून स्वच्छ केला होता, सिमेंटची पोती उघडायची बाकी होती. मी खोलीत जाऊन बसलो. बराच वेळ पुस्तकांच्या पाठींवरची नावं वाचत राहिलो. यातली किती पुन्हा वाचणार, असा हिशोब करून मन वळवायचा प्रयत्न केला. पण मला सगळीच पुन्हा वाचायची होती. शेवटी दुपारी छत्री घेतली.

मारुतीने घमेलं वर जाताना पाहिलं. "काका, हे काय?"

"टिटवी चढली," मी म्हणालो.

"आनि पुस्तकं?"

"तू तोवर गंगावैनीचं घर परतून दे. कौलाचं काम करतोस ना?"

"करतोय की. खरं तुमचा स्लॅब..."

"जा रे."

टिटवी चढल्याची बातमी संध्याकाळी गावभर झाली. गुरुदास रात्रीचा कंदील घेऊन आला, वर बघितलं आणि म्हणाला, "देवा, हें आनीक वायट." दुसऱ्या दिवशी शिड्या परत लागल्या. चार दिवसांत वाड्यावरचं एकही घर परतायचं राहिलं नाही. गंगावैनीचं मारुतीने इतकं चांगलं केलं की तसं लाटंबार्शात कोणाचं नव्हतं. पंचविसाला तो गावी गेला. घमेलं माझ्याकडेच राहिलं, कारण त्यात अंडी होती.

निघण्यापूर्वी त्याने आणि गंगावैनीने मिळून माझी पुस्तकं तिच्या घरी नेली. ती स्वतःच आली होती. "म्हज्या घरांत सुको जागो आसा. माणूस हांव एकटीच. पुस्तकां हाडा," म्हणाली. लक्ष्मी दारात उभी राहून बघत होती. "स्लॅब सुकण्याक, कौलां पुस्तकांक," ती म्हणाली. "बरें."

अठ्ठाविसाला मोठी सर आली आणि पंख्याच्या हुकातून रिकाम्या खोलीत धार लागली. एकतिसाला चारही अंडी फुटून पिल्लं बाहेर आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईच्या हाकेवर स्लॅबवरून खालच्या गवतात उड्या मारल्या आणि ती सगळी शेताकडे चालती झाली. त्यांना काहीही झालं नाही. मी मात्र दिवसभर आजारी होतो.

आणि त्या वर्षी पाऊस कमी पडला. जुलै कोरडा गेला, ऑगस्टमध्ये लोक आकाशाकडे बघत बसले. मला वाटलं, आता टिटवीचं नाव कोणी काढणार नाही. चतुर्थीच्या सुमारास गुरुदास बाजारात भेटला तेव्हा मी स्वतःच विषय काढला.

"तिणें सांगल्लें," तो म्हणाला. "मदीं देंवल्ली न्हय? तोच खरो अंदाज. आमकांच कळूंक ना."

तेव्हा मी त्याला सांगून टाकलं. घमेलं, छत्री, सगळं. भर बाजारात. चार महिने उशिरा.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बरें. तुमी देंवयली. पूण तिका देंवोवपाची बुद्ध तुमकां कोणें दिली?"

"पुस्तकाने."

"सतरा दिसांत तेंच पुस्तक तुमच्या हातांत कशें आयलें?"

पिशवी घेऊन मी घरी न जाता गंगावैनीकडे गेलो, पुस्तकं अजून तिथेच होती. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी ते पुस्तक काढलं, ते पान काढलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. पानावर घरट्याबद्दल होतं, खडीबद्दल होतं. माझ्याबद्दल काही नव्हतं.

"कितें सोदतात?" गंगावैनीने विचारलं.

"तसं काही नाही."

"मेळ्ळें?"

"नाही."

"मग बसा," ती म्हणाली. "चा करतां."