टर्कीसाठी रुंद पातं

ट्वायला हॅस्केटला त्या पात्यांची पहिल्यापासूनच धास्ती होती. बंदुकीची नव्हती. आमच्या ओझार्कच्या डोंगरात वाढलेलं कुणी बंदुकीला घाबरत नाही. पण बाणाच्या टोकाला फिरवून बसवायची ती पोलादी पाती डबीत नुसती पडलेली दिसली तरी तिच्या तळहातांना घाम सुटायचा.

तरी तिनं धनुष्य हातात घेतलं, ते सासऱ्यापायी. व्हर्लिन हॅस्केट जन्मभर धनुष्यानं शिकार करत आलेला माणूस. बायको नडीन गेली आणि त्याच हिवाळ्यात त्याच्या हृदयाचे ठोके बिघडले. डॉक्टरनं रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू केल्या आणि एकट्यानं जंगलात पाऊल टाकायचं नाही म्हणून दम भरला. मुलगा गार्थ, ट्वायलाचा नवरा, नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरींवर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. म्हातारा खिडकीशी बसून डोंगराकडे बघत राहायचा, ताटातलं तसंच ठेवायचा. शेवटी ट्वायलाच म्हणाली, "पॉप, मला शिकवा. मी येते तुमच्याबरोबर."

तिनं उन्हाळाभर अंगणातल्या फोमच्या ठोकळ्यावर बाण मारले. हात बसला. ऑक्टोबर उजाडला. आमच्याकडे धनुष्यवाल्यांना तेव्हा हरीण आणि रानटर्की दोन्हींची शिकार खुली असते, त्यामुळे घरोघरी एकच वाद चालतो: कोणती पाती न्यायची? व्हर्लिननं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि आपला खजिना मांडला.

"एकाच जातीची घेऊन जाऊ की," ट्वायला म्हणाली. "हरणाला चालतं ते टर्कीला का नाही चालणार?"

"पोरी, हरणाला बाण आरपार जायला हवा. तुझं धनुष्य हलकं. तू आपली ही पक्की, दोन धारांची पाती घे. ती लागल्यावर उघडणारी पाती दिसायला झकास, पण उघडण्यातच त्यांचा निम्मा जोर जातो. बाण फासळीत अडकतो आणि ते बिचारं दोन डोंगर पळत सुटतं."

"आणि टर्कीला?"

"टर्की म्हणजे नुसता पिसांचा भारा. त्यातून बाण आरपार गेला तर ती तशीच उडते, कुठल्यातरी जाळीत जाऊन मरते, आणि कोल्ह्यांची चंगळ होते. टर्कीच्या मानेवरच नेम धरायचा. लागलं तर जागच्या जागी, नाहीतर साफ हुकलं. अर्धवट काही नाही." असं म्हणून त्यानं एका खोक्यातून रुंद पातं काढलं. चार लांब धारा चहूकडे पसरलेल्या, जाळी काढून टाकलेल्या पंख्यासारखं. ट्वायलानं नकळत खुर्ची मागं सरकवली.

ते पातं भात्याच्या टोपणात मावेना. व्हर्लिननं त्याला भांडी पुसायचं फडकं गुंडाळलं आणि वरून रबरं चढवली.

"हे असं न्यायचं जंगलात?"

"मग कसं? मखरात बसवून?"

"पॉप, तुमच्या गोळ्या चालू आहेत. दाढी करताना जरा कापलं तरी रक्त थांबता थांबत नाही."

"म्हणून तर दाढी करायची सोडली," म्हातारा म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

दुपारनंतर दोघं निघाले, ट्वायलाच्या खांद्याला झाडावरच्या मचाणात कमरेला बांधायचा पट्टा. लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्याच्या शेवटी ट्रक लावला आणि ओकच्या झाडीतून घळीत उतरू लागले. आदल्या दिवशीचा पाऊस पानांखाली मुरलेला, पाय जपून टाकावा लागत होता. व्हर्लिन पुढे, ती मागे. अर्ध्या उतारावर तो थबकला. खालून पानं उकरल्याचा आवाज येत होता, खसखस, खसखस, मधूनच एखादी कुकूक. टर्कीचा कळप.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. नडीन गेल्यापासून त्या चेहऱ्यावर असं काही ट्वायलानं पाहिलं नव्हतं, म्हणूनच ती गप्प राहिली. त्यानं रबरं काढली, फडकं खिशात कोंबलं, बाण दोरीला चढवला आणि तसाच वाकून पुढे सरकू लागला. चढवलेला बाण घेऊन चालायचं नाही, हे त्यानंच तिला पहिल्या दिवशी बजावलं होतं. तिनं हळूच "पॉप" म्हटलं. त्यानं मागे न बघता हात हलवला: गप्प.

पुढच्याच पावलाला त्याचा पाय पानांवरून सटकला. तो कुशीवर पडला, धनुष्य खाली आणि तो वर, आणि धनुष्यासकट एका आडव्या ओंडक्यापर्यंत घसरत गेला. खालून टर्की फडफडत उडाल्या. मग सगळं शांत झालं.

"काही नाही झालं," व्हर्लिन म्हणाला. "पाय जरा गरम लागतोय."

ट्वायला जवळ पोचली तेव्हा त्याच्या विजारीचा डावा पाय पोटरीपासून खाली काळपट ओला होता आणि बुटाच्या काठावरून रक्त ओघळत होतं. तिनं कापड फाडलं. पोटरी पाठीमागून उभी चिरलेली, कसायाच्या दुकानात असते तशी. ती हातानं दाबत राहिली आणि रक्त बोटांच्या फटींतून येतच राहिलं.

"मचाणाचा पट्टा," व्हर्लिन म्हणाला. त्याचा आवाज तिच्यापेक्षा शांत होता. "मांडीला बांध. काठी घालून पीळ दे."

तिनं पट्टा गुडघ्याच्या वर बांधला, ओकची काटकी घातली आणि पिळली. तो दात खात कण्हला. ती आणखी पिळत गेली. रक्ताचा ओघ कमी झाला, थेंबांवर आला. काटकीचं टोक तिनं पट्ट्यातच अडकवलं. मग फोन काढला. घळीत फोन कधी लागत नाही, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"वर जा," तो म्हणाला.

"तुम्हाला सोडून?"

"मला उचलून नेणार आहेस का? जा, बाई. मी काय पळून जातोय?"

ती चढली. हातापायांनी, मुळं धरून. श्वास घशात खरवडत होता आणि डोक्यात एकच विचार घुमत होता: मी परत येईन तेव्हा पॉप मेलेले असतील. गार्थला काय सांगू? कड्यावर फोन लागला. पलीकडची बाई पत्ता विचारत होती आणि ट्वायलाला तोंडपाठ असलेल्या रस्त्याचं नाव आठवेना. शेवटी आठवलं. रस्ता, घळ, पट्टा, गोळ्या, सगळं सांगून झालं. "माणसं निघालीत," बाई म्हणाली. "तुम्ही जखमी माणसापाशी परत जा. त्यांना पट्टा सैल करू देऊ नका. मदत जवळ आली की आवाज द्या."

सूर्य कड्याआड गेला होता. घळीत वरच्यापेक्षा आधी अंधारतं. ती घसरत, पडत ओंडक्यापाशी आली.

ओंडक्यापाशी कुणी नव्हतं.

धनुष्य होतं. रक्तानं भिजलेली पानं होती. आणि त्या पानांत तिची ती ओकची काटकी पडलेली होती.

"पॉप!" ती ओरडली. घळीनं तिचाच आवाज परत दिला. तिला वाटलं आपण चुकीच्या ओंडक्यापाशी आलो. मग वाटलं, कुणीतरी ओढून नेलं. काय ओढून नेईल? अस्वल? ती खाली बसून पानं चाचपू लागली आणि बसल्यामुळेच तिला पहिला थेंब दिसला. एका पिवळ्या पानावर, अजून ओला. हातभर पुढे दुसरा.

बाण लागलेल्या जनावराचा माग कसा काढायचा, ते व्हर्लिननं तिला उन्हाळ्यात लाल रंगाचे थेंब शिंपडून शिकवलं होतं. थेंब जवळजवळ म्हणजे चाल मंद. मागावर पाय द्यायचा नाही, बाजूनं चालायचं. तिनं काटकी उचलली, फोनचा उजेड लावला आणि बाजूनं चालू लागली. आपण हे कुणाच्या मागावर करतोय, हे मनात येऊ न देता.

एका हिकरीच्या खोडावर कमरेइतक्या उंचीवर रक्ताळलेल्या हाताचा पंजा उमटला होता. पुढच्या झाडावर तोच पंजा गुडघ्याइतका खाली. म्हणजे आता तो सरपटत होता. त्याच्यापुढे माग तुटला. तिनं गोल फिरून पाहिलं, पानं उलटी केली, काही नाही. उजेड कमी होत चाललेला. तिनं पुन्हा हाक मारली. ओ आली नाही. पण खालच्या जाळीत काहीतरी हललं आणि लगेच थांबलं, कुणी श्वास रोखून धरावा तसं. तिथून पळत सुटावं असं तिला फार वाटलं.

जखमी जनावर उताराला लागतं, पाण्याकडे जातं. खाली ओढा होता. ती त्या जाळीकडेच गेली.

व्हर्लिन जाळीच्या मुळाशी, ओढ्याच्या गोट्यांवर, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. चेहरा मेणासारखा. पट्टा घोट्यापर्यंत घसरलेला. डोळे सताड उघडे आणि ते तिला ओळखत नव्हते.

"नडीन," तो कुजबुजला, "हलू नकोस. वर कुणीतरी आहे."

"पॉप, मी आहे. ट्वायला."

तिनं पाय धरताच त्यानं तिच्या तोंडावर हात मारला. इतक्या रक्तानंतरही त्या हातात जोर होता. तिच्या ओठाला लागलं. ती रडायला लागली आणि रडत रडतच त्याच्या मांडीवर गुडघा रोवून बसली, पट्टा वर ओढला, काटकी घातली आणि पिळली. तो ओरडला. तसला आवाज तिनं माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. "सोड! देवाशप्पथ सोड मला!" ती पिळत राहिली, एकेक पीळ, रक्त थांबेपर्यंत आणि नंतरही एक. मग काटकी दोन्ही हातांनी धरून ठेवली, कारण आता अडकवून सोडून द्यायचा तिला धीर नव्हता.

दूर वरून हॉर्न वाजला. तिनं ओरडायला तोंड उघडलं तर घशातून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, तेच. माणसं वरच्या वर भलतीकडे जातील या कल्पनेनं ती गारठली. तेवढ्यात तिला म्हाताऱ्याच्या छातीवरच्या खिशातली टर्कीला बोलवायची लाकडी पेटी दिसली. एक हात काटकीवर ठेवून तिनं दुसऱ्या हातानं ती काढून गुडघ्यांत धरली आणि झाकण जोरजोरात घासायला सुरुवात केली. कर्कश्श, बेसूर ओरड घळभर गेली. ती थांबलीच नाही. डोक्याला दिवे बांधलेली माणसं समोर येऊन उभी राहिली तरी तिचा हात चालूच होता. एकानं तो धरून थांबवला.

"मला आधी वाटलं टर्कीच आहे," बचावपथकातला तो तरुण स्वयंसेवक नंतर सगळ्यांना सांगायचा. "मग म्हटलं, इतकी वाईट ओरडणारी टर्की आजवर जन्मलेली नाही."

हेलिकॉप्टर कुरणात उतरलं. व्हर्लिन वाचला. पायही राहिला, फक्त बोटांत जाणीव नाही आणि पाऊल नीट उचलत नाही. गार्थ येऊन पोचेपर्यंत ट्वायला हॉस्पिटलात म्हाताऱ्याच्या उशाशी बसून होती. तिच्या नखांत अजून रक्त होतं आणि ओठ सुजलेला होता.

शुद्धीवर आल्यावर तो बराच वेळ त्या ओठाकडे बघत राहिला.

"मी मारलं?"

"चुकून."

"सापडलो कसा तुला?"

"रक्तावरून," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलं होतं."

त्यानं डोळे मिटले. तिला वाटलं झोपला. पण तो बोलला, आणि त्याचा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

"मला तू हाक मारलेली ऐकू आली होती, ट्वायला. दोन्ही वेळा. काटकी कशी सुटली, तिथून का हललो, काही आठवत नाही. कुणीतरी मागावर आहे एवढंच कळत होतं. थांबतंय, खाली बघतंय, पुन्हा येतंय. मी श्वाससुद्धा घेतला नाही. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो."

"मीही," ती म्हणाली.

बाहेर अंधार पडत होता. नर्स आली, सलाइन तपासलं आणि जाताना सवयीनं दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"असू दे," व्हर्लिन घाईनं म्हणाला. मग ट्वायलाकडे वळून हळूच विचारलं, "आज रात्री राहशील?"

तिनं बूट काढले आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून घेतली.